सोलरचं पाणी कोमट का येतं?

मैत्रिणींनो, आपल्या कळंब भागात बोअरचं पाणी जड. तापलं की त्यातले क्षार सोलरच्या काचनळ्यांत थरानं बसतात आणि पाणी कोमट यायला लागतं. मिस्त्री "सगळंच बदला" म्हणाला, तरी आधी नळीचं खालचं टोक बघा. तिथला चंदेरी रंग पांढरा पडला असेल तर दोन काचांमधल्या पोकळीत हवा शिरली. तेवढी एकच नळी बदलता येते. चंदेरीच असेल तर क्षार काढून घ्या. टाकी रिकामी झाली तर भर उन्हात पाणी सोडू नका, तापलेली काच तडकते. पहाटे भरा. घर नावावर झालं की दुरुस्तीही आपल्याच अंगावर! म्हणून आम्ही गटाच्या बचतीसोबत दरमहा थोडे पैसे सोलरसाठी वेगळे टाकतो.