दाखल्यावर न्यूमोनिया, मुळाशी भूक

विधिमंडळाचं अधिवेशन आलं की आदिवासी मेळघाटचा प्रश्न येतोच. विरोधक कुपोषणबळींचा आकडा मांडतात. सरकार कुणाचंही असो, उत्तर बहुधा ठरलेलं: बालकं कुपोषणाने नव्हे, आजाराने दगावली.

हे उत्तर खोटं नाही, अर्धं आहे. कागदावर न्यूमोनिया असतो, जुलाब असतात. पण धडधाकट मूल ज्या जुलाबातून चार दिवसांत उठून खेळायला लागतं, त्यातच खंगलेलं मूल जातं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, पाच वर्षांखालच्या मुलांच्या जवळपास निम्म्या मृत्यूंचा संबंध कुपोषणाशी असतो. अंगणवाडीत मुलाच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला की लाल रंग. मोठ्या माणसाचा अंगठा आणि तर्जनी यांच्या वेढ्यात हा दंड सहज मावतो. अशा मुलाच्या मृत्यूला नुसतं ‘आजार’ म्हणणं ही फसवणूक आहे.

दुसरा समज, आदिवासींना दवाखानाच नको असतो. भुमकाकडे, म्हणजे गावच्या वैदूकडे, जाणारे आहेत, पोटावर चटके देण्याची प्रथाही आहे. पण मेळघाटातल्या धारणीहून अमरावतीचं जिल्हा रुग्णालय सुमारे दीडशे किलोमीटर, वाट घाटाची. उपचार दारात आले तर काय होतं, हे गडचिरोलीने दाखवलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांत तिथल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला, गरज पडल्यास इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. हजार जन्मांमागे 62 असलेले नवजात मृत्यू 2003 पर्यंत 25 वर आले. लोक तेच, जंगल तेच.

आणि हा प्रश्न जंगलापुरताही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2019-21 मध्ये राज्यातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी होती. आधीच्या फेरीत, 2015-16 ला, हे प्रमाण 34.4 होतं.

‘रेशन मिळतं, मग उपाशी कसे?’ असंही विचारलं जातं. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळतो. वाढत्या अंगाला डाळ, तेल, अंडं लागतं. त्यासाठी हातात मजुरी लागते, आणि मेळघाटात ती बारमाही नाही. दिवाळीनंतर कितीतरी कोरकू आदिवासी कुटुंबं लेकरांसह कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात. मधले महिने मूल आईच्या कामाच्या जागी असतं, त्याच्या वजनाचा तक्ता गावच्या अंगणवाडीत.