नवी ट्यूब घातली, खरखर गेली… आणि चार दिवसांनी परत आली



पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "तुमचं उपकरण विचित्र रीडिंग द्यायला लागलं, तर काय कराल?" आपण "कॅलिब्रेशन करू" म्हणतो आणि सुटतो. मीही तेच म्हटलं होतं. आज त्याच प्रश्नाचं जरा लांब उत्तर देते. उदाहरण लॅबमधलं नाही, पिरंगुटमधल्या माझ्या भाड्याच्या खोलीतलं आहे. उपकरण आहे स्टुडिओत वापरतात तो ट्यूब माईक.

आधी हा माईक माझ्याकडे कसा आला ते सांगते. मुळशी तालुक्यात जात्यावरच्या ओव्यांचा मोठा ठेवा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी १९८०च्या दशकात इथल्या गावांमधून ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे राज्यभरातल्या मिळून एक लाखाहून जास्त ओव्या लिहून ठेवल्या गेल्या, आणि १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने शंभराहून जास्त तासांचं ध्वनिमुद्रणही झालं. माझ्या घरमालकीणबाईंच्या आई पौडच्या पलीकडच्या. आषाढात लेकीकडे राहायला आल्या होत्या, नागपंचमीला परत जाणार होत्या. आजींना कितीतरी ओव्या पाठ. आवाज मात्र बारीक झालेला. म्हणून एका मित्राकडून त्याचा जुना ट्यूब माईक मागून आणला.

पहिल्याच दिवशी हेडफोनमध्ये आजींच्या आवाजामागे तव्यावर मोहरी तडतडावी तशी खरखर.

आधी आवाज ओळखा

"नॉइज येतोय" हे निरीक्षण नाही, ती तक्रार झाली. कसला नॉइज, हे सांगता आलं पाहिजे. माईक उशीत गुंडाळून कपाटात ठेवा, एक मिनिट शांतता रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तिचा स्पेक्ट्रम बघा. साधारण असं दिसतं:

– ५० हर्ट्झला टोक: वायरिंग, अर्थिंगचा लूप, जवळचा ट्रान्सफॉर्मर किंवा ट्यूबच्या फिलामेंटचा पुरवठा.
– १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटीत टोकं: वीजपुरवठ्यातला रेक्टिफायर आणि थकलेला फिल्टर कॅपॅसिटर.
– सगळीकडे पसरलेला एकसारखा "स्स्स" आवाज: ट्यूब किंवा रेझिस्टर.
– माईकला हलकी टिचकी मारल्यावर घंटेसारखा घुमणारा आवाज: ट्यूबमधले भाग कंप पावतायत.
– अनियमित तडतड: सैल सॉकेट, खराब होत चाललेला भाग किंवा कुठेतरी होणारी विद्युत गळती.

माझी तडतड शेवटच्या प्रकारातली होती. हे मी वहीत लिहिलंसुद्धा. आणि तरीही पुढे चूक केलीच.

माझी चूक

सगळे म्हणतात, जुन्या ट्यूब माईकमध्ये पहिला संशय ट्यूबवर. मी पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांमध्ये दोन चकरा मारल्या, स्टायपेंडमधले पैसे घातले आणि नवी ट्यूब आणली. मित्राने ती बसवून दिली. सकाळपासून माईक चालू ठेवला, दुपारी ऐकलं, तर एकदम शांत! मी वहीत लिहिलं: "दोष ट्यूबचा होता. सोडवला." खाली दोन रेघाही मारल्या.

चार दिवसांनी आजींना परत बसवलं. ताम्हिणीकडून आलेला पाऊस दोन दिवस थांबला नव्हता. तिसऱ्या ओवीपाशी तडतड सुरू झाली. आजींना कळलं नाही, त्या गात राहिल्या. त्यातली एक ओवी त्यांच्या सासूची होती, मी आधी कधी ऐकली नव्हती. पुढच्या वेळी विचारलं तर म्हणाल्या, "आता न्हाई गं आठवत." ती आज माझ्याकडे आहे, पण निम्मे शब्द खरखरीखाली गेलेत.

आता बघा, ट्यूब बदलली त्या दिवशी मी खरं तर किती गोष्टी बदलल्या होत्या. ट्यूब बदलली. माईक तासन् तास चालू राहून आतून तापला. आणि त्या दिवशी पावसाची उघडीप होती. तीन बदल, एक परिणाम, आणि श्रेय मी मला आवडणाऱ्या कारणाला दिलं. सगळ्यात सोपी तपासणी तर केलीच नाही: जुनी ट्यूब परत घालून बघणं. खरखर परत आली असती तर दोष ट्यूबचा. नसती आली, तर दोष दुसरीकडे. पाच मिनिटांचं काम होतं.

हे नीट लक्षात ठेवा. बदल केला आणि दोष गेला, एवढ्याने कारण सिद्ध होत नाही. बदल मागे घेतल्यावर दोष परत येतो का, हे बघावं लागतं.

माईकच्या आत काय चालतं

आता थोडं भौतिकशास्त्र, कारण पुढचा प्रयोग त्यातूनच सुचला. कंडेन्सर माईकची कॅप्सूल म्हणजे एक छोटा कॅपॅसिटर. एका बाजूला सोन्याचा मुलामा दिलेला अतिशय पातळ पडदा, दुसऱ्या बाजूला धातूची चकती. आवाजाने पडदा हलतो, धारिता बदलते आणि त्यावरचा व्होल्टेज बदलतो. ही कल्पना ई. सी. वेंट यांनी १९१७ साली मांडली. हा इवलासा व्होल्टेज ट्यूबच्या ग्रिडवर जातो.

अशा कॅप्सूलची धारिता साधारण ६० पिकोफॅरड धरा. ग्रिडला जोडलेला रेझिस्टर २०० मेगाओहमचा. दोघांचा मिळून फिल्टर होतो आणि त्याची सीमा येते सुमारे १३ हर्ट्झ, म्हणजे आपल्या कानाच्या कक्षेखाली.

इथे एक गंमत आहे. १९२८ साली जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी दाखवून दिलं की प्रत्येक रेझिस्टर तापमानामुळे स्वतःच नॉइज तयार करतो, आणि रोध जास्त तर नॉइज जास्त. मग २०० मेगाओहम लावणं वेडेपणाच नाही का? नाही. कारण रोध वाढला की फिल्टरची सीमाही खाली सरकते. नॉइजचा बराचसा भाग त्या सीमेखाली, ऐकू न येणाऱ्या भागात जमा होतो. म्हणून या जागी रेझिस्टर जितका मोठा तितका माईक शांत.

आता समजा, त्या रेझिस्टरच्या आजूबाजूला ओलसर मळाचा पातळ थर बसला आणि वीज जायला २० मेगाओहमची चोरवाट तयार झाली. दोन्ही समांतर, म्हणजे एकूण रोध उरला सुमारे १८ मेगाओहम. सीमा गेली १४५ हर्ट्झच्या आसपास. खालचे स्वर पातळ झाले आणि त्यावरच्या पट्ट्यातला औष्णिक नॉइज तिपटीहून थोडा जास्त, म्हणजे सुमारे १० डेसिबलने वाढला. शिवाय ओली वाट स्थिर नसते. ती तुटते, जुळते, परत तुटते. तीच तडतड.

हे मला आधीच सुचायला हवं होतं. मी लॅबमध्ये पातळ थरांमधून जाणारे अगदी बारीक विद्युतप्रवाह मोजते. जुलैमध्ये आमचेही नमुने "गळतात" आणि आम्ही ते कोरड्या नायट्रोजनमध्ये ठेवतो. पण घरी आले की मी संशोधक राहत नाही, गिऱ्हाईक होते!

मग नीट केलेला प्रयोग

एक स्वस्त आर्द्रतामापक आणला. गेन कायम, केबल तीच, दर वेळी चालू केल्यावर बरोबर वीस मिनिटांनी एक मिनिट शांतता रेकॉर्ड. बदलायची फक्त एकच गोष्ट.

पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि माईक रात्रभर आत ठेवला. सकाळी शांत. मग माईक बंद करून पाच तास खिडकीपाशी ठेवला, आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास. तडतड हजर. परत डबा, परत शांत. मग जुनी ट्यूब घालून हेच सगळं पुन्हा. निकाल तोच. ट्यूब निर्दोष होती.

पण "दमटपणा" हे अजून अर्धंच उत्तर. गळती नेमकी कुठे? कॅप्सूलवर की सर्किटवर? इथे एक जुनी युक्ती वापरतात: कॅप्सूल काढून तिच्या जागी तेवढ्याच धारितेचा साधा कॅपॅसिटर लावायचा आणि धातूचं आवरण बंद करायचं. आवाज गेला तर दोष कॅप्सूलकडे, राहिला तर पुढच्या सर्किटमध्ये. एका चाचणीत अर्धं उपकरण संशयातून बाद.

हे मी स्वतः केलं नाही, आणि तुम्हीही सवय नसताना करू नका. ट्यूब माईकमध्ये शंभराहून जास्त व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये थोडा वेळ राहतात. कॅप्सूलचा पडदा तर बोट लागलं तरी जायचा. एका जाणत्या मेकॅनिककाकांकडे गेले आणि शेजारी बसून बघितलं. दमट दिवशी, कॅप्सूलच्या जागी कॅपॅसिटर असतानाही तडतड चालूच राहिली. म्हणजे दोष सर्किटमध्ये. ग्रिडच्या जोडणीपाशी जुन्या सोल्डरिंगच्या फ्लक्सचा तपकिरी थर होता. काकांनी तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, बोर्ड वाळवला. म्हणाले, "मॅडम, ट्यूब कशाला घेतलीत?"

त्यानंतर अकरा रात्री नोंद ठेवली, जुन्याच ट्यूबवर. त्यातल्या सात रात्री चांगल्याच दमट होत्या. तडतड एकदाही नाही. पुसलेला फ्लक्स परत लावून बघता येत नाही, म्हणून वहीत "सिद्ध" असं लिहिलं नाही. लिहिलं: "बहुधा फ्लक्समुळे गळती, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तपासणे."

तुमच्यासाठी

संशोधनाला सुरुवात करताना आपल्याला वाटतं, नॉइज म्हणजे अडथळा, तो एकदाचा काढून टाकला की खरं काम सुरू. पण शॉटकी यांनी १९१८ साली ट्यूबमधल्या नॉइजचाच अभ्यास करून इलेक्ट्रॉन सुटे सुटे येतात याचा माग काढला. १९२५ साली जॉन्सन तो परिणाम तपासत होते, तेव्हा कमी वारंवारतेला त्यांना अपेक्षेपेक्षा जास्त नॉइज दिसला आणि आपण ज्याला फ्लिकर नॉइज म्हणतो तो सापडला. त्यांनी तो झटकून टाकला नाही, मोजला.

तेव्हा पुढच्या वेळी उपकरण बिघडलं, तर हात लावण्याआधी लिहा: आवाज कसला, कधी येतो, कधी येत नाही, बाहेर हवा कशी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोष गेला की आनंद करण्याआधी बदल मागे घ्या. आणि "सोडवला" या शब्दाखाली दोन रेघा मारायची घाई करू नका.

आजी नागपंचमीला गावी गेल्या. जाण्याआधी एकवीस ओव्या स्वच्छ रेकॉर्ड झाल्या. बाविसावी अजून खरखरीखालीच आहे. दिवाळीला त्यांच्याकडे जाणार आहे. तेव्हा हवा कोरडी असेल, माईकही घेऊन जाईन, आणि परत एकदा विचारेन.