फुलांचे वाफे आणि रानातला ससा

दिल्लीचा वसंत अल्पायुषी असतो. मार्च सरता सरता हिवाळी फुले माना टाकतात आणि घरोघरच्या आवारांत उन्हाळी फुलझाडांची लावणी सुरू होते. झिनिया, सूर्यफूल, गलांडा, बटनफूल, चिनी गुलाब ही मंडळी एप्रिलपासून जूनपर्यंत लू सोसत बागेची शोभा राखतात. परंतु ज्यांची घरे रिजच्या, म्हणजे अरवलीच्या दिल्लीत शिरलेल्या शेवटच्या सोंडेच्या, कडेला आहेत, त्यांना एखाद्या सकाळी विचित्र दृश्य दिसते. काल टवटवीत असलेली रोपांची ओळ जमिनीपासून चार बोटांवर छाटलेली असते. गृहस्थ माळ्यावर रागावतो, माळी मोकाट गाईला बोल लावतो. आणि खरा अपराधी दूर झुडपाच्या सावलीत, कान पाठीशी चिकटवून, निश्चल बसलेला असतो. तो म्हणजे रानातला ससा.

त्याचा अपराध सिद्ध करणे अवघड नाही. गाय, शेळी किंवा नीलगाय यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यांनी ओरबाडलेल्या देठाचे टोक फाटके दिसते. सशाला वर आणि खाली धारदार पटाशीचे दात असतात, म्हणून त्याने तोडलेला देठ चाकूने तिरपा कापल्यासारखा असतो. वाफ्यातील ओल्या मातीत त्याची पावलेही उमटतात. धावताना त्याचे लांब मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात. त्यामुळे माग उलट्या दिशेचा वाटून पाहणारा फसतो. जवळच वाटाण्याएवढ्या गोल लेंड्या आढळल्या, की पुराव्यात काही उणे राहत नाही.

मात्र ससा बागेत येतो तो खोडी काढण्यासाठी नव्हे. दिल्लीच्या रिजचे चार तुकडे मिळून सुमारे ७,७७७ हेक्टर रान आहे. त्यापैकी सर्वांत मोठ्या दक्षिण भागातच असोला-भट्टीचे अभयारण्य आहे. या रानात गेल्या शतकात वेडी बाभूळ पसरली आणि तिच्याखाली गवताला फारसा वाव उरला नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, उरलेसुरले गवत वाळते आणि पावसाला जूनच्या अखेरीपर्यंत अवकाश असतो. ससा पाण्याची गरज बरीचशी हिरव्या पाल्यातूनच भागवतो. अशा वेळी रोज संध्याकाळी शिंपलेला वाफा त्याला अन्न आणि पाणी दोन्ही एकाच ठिकाणी देतो. दिवस मावळल्यावर तो येतो आणि उजाडण्यापूर्वी परततो.

येथे नावाचा एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. पिंजऱ्यात पाळला जाणारा गुबगुबीत पांढरा ससा आणि हा रानातला ससा यांना मराठीत एकच शब्द आहे. परंतु प्राणी दोन आहेत. पाळीव ससा मूळचा युरोपातला. तो जमिनीत बिळे खोदून कळपाने राहतो आणि त्याची पिल्ले आंधळी, केसांवाचून जन्मतात. १८५९ साली ऑस्ट्रेलियात सोडलेल्या अशाच मोजक्या सशांच्या संततीने पुढे शेते उजाड केली. भारतातला ससा एकटा राहतो, बीळ खोदत नाही; गवतात अंगाच्या आकाराचा उथळ खळगा करून त्यात दिवस काढतो. त्याची पिल्ले डोळे उघडे ठेवूनच, अंगावर लव घेऊन जन्मतात. प्राणिशास्त्रात त्याला १८२३ साली मिळालेल्या नावाचा अर्थ 'काळ्या मानेचा' असा आहे. तो काळा डाग गोदावरीच्या दक्षिणेकडील सशांच्या मानेवर ठळक दिसतो. उत्तरेकडील सशाची ओळख त्याच्या तांबूस शेपटीवरून पटते. दिल्लीत तो 'खरगोश' होतो. हा शब्द फारसी असून त्याचा अर्थ गाढवाच्या कानांचा असा आहे.

हा भेद केवळ पंडितांच्या उपयोगाचा नाही. विलायती बागकामाच्या पुस्तकांत सशांसाठी कुंपणाची जाळी जमिनीत खोल पुरावी असे सांगितलेले असते, कारण तिथला ससा खालून भुयार करतो. आपला ससा खोदणारा नव्हे. वाफ्याभोवती इंचभर छिद्रांची, तीन फूट उंच जाळी उभी करून तिची खालची कड खुंट्यांनी घट्ट दाबली, की बहुधा काम भागते. तीही कायम नको. कोवळी रोपे हाच त्याचा मुख्य घास असतो, त्यामुळे देठ जून होईपर्यंतची पहिली पाच-सहा आठवड्यांची राखण पुरेशी ठरते. कुंपणाबाहेरच्या कडेला सदाफुली आणि कण्हेर लावावी. त्यांच्या पानांत विषारी द्रव्ये असल्यामुळे चरणारे प्राणी सहसा त्यांच्या वाटेस जात नाहीत. विषाचे आमिष मात्र कधीही ठेवू नये. त्याने मुंगूस, मोर आणि शेजारचे कुत्रेही मरते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाला मारणे हा गुन्हा आहे.

रोपांच्या नुकसानीहून गंभीर अशी एक चूक दयाळू माणसांच्या हातून होते. गवत कापताना मुठीएवढे पिल्लू एकटेच सापडते. आई कुठे दिसत नाही. मुले कळवळतात, त्याला खोक्यात ठेवून दूध पाजतात आणि थोड्या दिवसांत पिल्लू दगावते. वस्तुतः ते पोरके नसते. आपल्या वासाने कोल्ह्या-कुत्र्यांना पत्ता लागू नये म्हणून सशाची मादी दिवसभर पिल्लांपासून दूर राहते आणि अंधार पडल्यावर थोडा वेळ येऊन त्यांना पाजून जाते. तिने टाकले असे जे वाटते, तेच तिचे रक्षण असते. पिल्लू जखमी नसेल, तर त्याला हात न लावता गवताचा तेवढा तुकडा तसाच राखावा आणि कुत्र्याला बांधून ठेवावे.

आपल्या पूर्वजांनी चंद्रावरच्या डागात ससा पाहिला आणि चंद्राला शशांक म्हटले. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री रिजच्या काठावरच्या बागेत तो अधूनमधून जमिनीवरही दिसतो. पाऊस पडून रान पुन्हा हिरवे झाले, की त्याच्या फेऱ्या कमी होतात. तोवर जाळीआडची रोपे मोठी होऊन फुलावर येतात, आणि कुंपणाबाहेरच्या दूर्वांवर त्याचेही निभावते.