फळीवरून वर्गात

कॉलेज काढायचं तर गावात, स्टँडजवळ, असा सरळ हिशेब असतो. १९६४ साली बाबा आमट्यांनी तो मोडला. वरोऱ्याचं आनंद निकेतन महाविद्यालय त्यांनी थेट आनंदवनात, कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत काढलं. सुरुवातीच्या काळात इथल्या रुग्णांनी खडकाळ माळ फोडून पिकवलेली भाजी घ्यायलाही लोक कचरत. त्याच माळावर, त्यांच्याच श्रमातून कॉलेज उभं राहिलं आणि गावची मुलं वह्या घेऊन रोज तिथे जाऊ लागली. नुसत्या भाषणांनी हे कधीच घडलं नसतं, असं मला वाटतं. बोटं झडलेल्या हातांनी रचलेल्या भिंतीला टेकून मुलगा अर्थशास्त्र शिकतो, तेव्हा घरून आणलेली भीती हळूहळू गळून जाते.

आनंदवनात अडसर भीतीचा होता; गडचिरोलीचं दुखणं अंतराचं. २०११ पर्यंत इथली आणि चंद्रपूरची कॉलेजं नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. गोंडवाना विद्यापीठ झालं, ते चंद्रपूरसारखं रेल्वेचं मोठं शहर सोडून गडचिरोलीत आलं. हा निर्णय मोलाचाच. तरीही जिल्ह्यातल्याच सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. गुणपत्रिकेतल्या एका दुरुस्तीसाठी पहाटेची एसटी धरायची, आणि काम नाही झालं तर रात्री उतरायचं कुठे? पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि कॉलेजचे प्रवेशही त्याच पावसाळ्यात.

इथल्या प्राचार्याला वेळापत्रकसुद्धा जंगलाकडे बघून लावावं लागतं. मार्च-एप्रिलमध्ये अख्खं घर पहाटे मोहफुलं वेचायला जातं. मे महिन्यात तेंदूची तोड. सकाळी पानं तोडायची, दुपारी घरी बसून पुडकी बांधायची, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर, मोजून द्यायची. पुढच्या वर्षाची फी कित्येक घरांत याच पैशातून निघते. अशा दिवसांत उन्हाळी परीक्षेला एखादी मुलगी गैरहजर राहिली, तर तिला बेफिकीर ठरवणं हा अन्याय आहे.

पदवीचा वर्गच गावात नेण्यासाठी गोंडवाना विद्यापीठाने ‘विद्यापीठ आपल्या गावात’ हा उपक्रम हाती घेतला, तो म्हणूनच मला जवळचा वाटतो. वर्गाची वेळ गावाच्या सोयीने ठेवली, की फळीवर पुडकी देऊन आलेली मुलगी हात धुऊन वर्गात येऊन बसू शकते.