छऱ्याचा खळगा आणि लोणारचं विवर

डहाणूच्या किनाऱ्यावरची कोरडी वाळू चाळून घमेल्यात वीतभर भरायची आणि पट्टीनं सपाट करायची. वर गेरूची पूड पसरायची आणि गेरूवर तांदळाच्या पिठाचा पातळ थर द्यायचा. वारली चित्रांमुळे या दोन्ही वस्तू इकडे सहज मिळतात. हायवेवरच्या गॅरेजमधून बेअरिंगचे जुने छर्रे मागून आणायचे. तलासरी तालुक्यातल्या एका शाळेत मी मुलांबरोबर हा प्रयोग करतो, तेव्हा एवढ्या सामानात काम भागतं. आकाशातून दगड पडला तर खड्डा केवढा होईल, हे कशावर ठरतं, हा आमचा प्रश्न असतो.

मुलांचं उत्तर तयार असतं: दगड मोठा, तर खड्डा मोठा. ते खरंच आहे, पण अपुरं आहे.

छर्रा सोडला की पिठाचा एक गोल पडदा बाहेरच्या बाजूला कलत उठतो आणि क्षणात खाली बसतो. खळगा छऱ्यापेक्षा कितीतरी रुंद झालेला असतो. त्याचा काठ भोवतालच्या पातळीपेक्षा उंच असतो, आणि त्या काठावर गेरू पिठाच्या वर आलेला दिसतो. म्हणजे थर उलटे झाले. काठापासून दूरवर पांढऱ्यावर तांबड्या रेघा फाकलेल्या असतात. अजून थोडं थांबलं तर खळग्याच्या कडेची वाळू घसरून आत येते, खळगा किंचित रुंद आणि बराच उथळ होतो. खऱ्या विवराचंही असंच होतं. आज आपण मोजतो ते माप कडा ढासळल्यानंतरचं असतं.

मग उंची बदलायची. आधी 10 सेंटिमीटरवरून आणि मग तोच छर्रा 160 सेंटिमीटरवरून सोडायचा. ऊर्जा 16 पट झाली, तेव्हा मुलं खळगाही तसाच प्रचंड होईल म्हणून सरसावून बसतात. पट्टी लावल्यावर रुंदी जेमतेम दुप्पट भरते. मुलांना हे पटत नाही, ती पुन्हा छर्रा सोडतात, पुन्हा मोजतात. या ठिकाणी मी घाई करत नाही, कारण सगळं मर्म इथे आहे. खळगा दुप्पट रुंद म्हणजे लांबी, रुंदी आणि खोली, तिन्ही दुप्पट. वाळू आठ पट उपसावी लागली. शिवाय ती खळग्याबाहेर टाकायची तर दुप्पट उंच उचलावी लागली. आठ दुणे सोळा. ऊर्जेचा सगळा हिशेब जुळला.

तलासरी-डहाणूच्या मुलांना हे समजवायला दुसरं उदाहरण शोधावं लागत नाही. नोव्हेंबर 2018पासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि रिश्टरचे आकडे इथल्या घराघरात बोलले जाऊ लागले. तीनचा धक्का आणि चारचा धक्का यांत आकडा एकानंच वाढतो, पण आतली ऊर्जा सुमारे 32 पट वाढते. वाळूतल्या खळग्याला हाच हिशेब लावला, तर 32 पट ऊर्जेनं रुंदी अडीच पटसुद्धा वाढत नाही.

आता वेग. ऊर्जा वस्तुमानाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत. हॉलंडमधले विलेम स-ग्राव्हेसांडे यांनी 1722च्या सुमारास मऊ मातीवर पितळी गोळे टाकून हेच पाहिलं होतं: वेग दुप्पट केला की खाच चौपट. आमचा छर्रा 160 सेंटिमीटरवरून पडून सेकंदाला साडेपाच मीटरच्या आसपास वेग गाठतो. लघुग्रह पृथ्वीवर आदळतो तो साधारणपणे सेकंदाला 11 किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं. 20 किलोमीटर वेग धरला, तर त्याच्या प्रत्येक किलोत जवळपास 50 किलो टीएनटीइतकी ऊर्जा असते. छर्रा वाळूतून काढून पुन्हा वापरता येतो. असा दगड मात्र बहुतांशी वितळतो आणि वाफ होऊन जातो. तिथे होतो तो स्फोट. म्हणूनच दगड तिरका आला तरी विवर बहुधा गोलच होतं; फारच सपाट कोनात आला तर लांबट.

खड्डा जमिनीवरही ठरतो. ओहोटीच्या वेळी डहाणूच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांजवळच्या कोरड्या वाळूत आणि खाली ओल्या पट्ट्यात तोच छर्रा तेवढ्याच उंचीवरून टाकून पाहा. ओल्या वाळूत नुसती खोक पडते, कारण तिचे कण एकमेकांना धरून असतात. लहान आघातात जमिनीची ही पकड महत्त्वाची ठरते. आघात पुरेसा मोठा असेल, तर कठीण बेसॉल्टसुद्धा कोरड्या वाळूसारखा वागतो. तेव्हा विवर किती वाढेल हे खडकाच्या मजबुतीपेक्षा त्याच्या वजनावर, म्हणजे गुरुत्वावर, अवलंबून राहतं. चंद्रावर गुरुत्व कमी, म्हणून तेवढाच आघात तिथे मोठं विवर खोदतो.

याचा महाराष्ट्रातला पुरावा बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणारचं विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे, आणि ते दख्खनच्या काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेलं आहे. ज्वालामुखी की आघात, हा वाद बरीच वर्षं चालला. 1973 साली फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानं आघाताची बाजू पक्की केली. तिथल्या खडकात प्रचंड दाबाखालीच तयार होणारी मॅस्केलिनाइट ही काच सापडली होती. वयाबद्दल मतभेद आहेत. एका पद्धतीनं ते सुमारे 52 हजार वर्षं येतं, दुसरीनं सुमारे 5 लाख 70 हजार. विवरातल्या तळ्याखाली गाळ साचला आहे, त्यामुळे आज दिसते ती खोली मूळची नाही.

अमेरिकेतल्या ॲरिझोनाचं बॅरिंजर विवर 1.2 किलोमीटरचं आणि ते करणारा लोखंडी दगड सुमारे 50 मीटरचा मानला जातो. लोणार त्याच्या दीडपट रुंद आहे. घमेल्यातला हिशेब लावला तर लोणारच्या आघाताची ऊर्जा ढोबळमानानं चार-पाच पट निघते. एवढ्या ऊर्जेसाठी फार अवाढव्य दगड लागत नाही. दुप्पट वेगानं तेवढाच दगड आला तरी पुरतं. म्हणून विवराची रुंदी मोजून दगडाचा आकार सांगणाऱ्यानं वेग कोणता धरला, हे आधी विचारायला हवं.

लोणारला जाल तेव्हा तळं पाहून लगेच परतू नका. काठावरून थोडं चाला, बेसॉल्टचे थर विवरापासून बाहेरच्या बाजूला कसे कललेत ते पाहा. आणि तिथला दगड आठवण म्हणून खिशात घालू नका. विवराबाहेर कोणता थर कुठवर फेकला गेला, हे त्या दगडांच्या जागेवरूनच मोजता येतं.