टाकाऊ उष्णतेपासून वीज : थर्मोसेलच्या एका दशकाचा हिशेब

शंभर अंशांखालची उष्णता उद्योगांना नकोशीच असते. एवढ्या कमी तापमानावर वाफेचे टर्बाइन परवडत नाही, म्हणून ती कूलिंग टॉवरमधून हवेत सोडली जाते. २०१० साली टेक्सास विद्यापीठातील रे बॉमन यांच्या चमूने, ऑस्ट्रेलियातल्या गॉर्डन वॉलेस यांच्या सहकार्याने, तिच्यासाठी कार्बन नॅनोट्यूबचे इलेक्ट्रोड असलेला थर्मोसेल मांडला. नाण्याएवढ्या सेलपासून धुराच्या नळकांड्याभोवती गुंडाळता येणाऱ्या सेलपर्यंत त्याचे प्रकार होते. पोटॅशियम फेरोसायनाइड-फेरिसायनाइडच्या द्रावणात एक इलेक्ट्रोड गरम, दुसरा गार. गरम बाजूला फेरोसायनाइड इलेक्ट्रॉन सोडते, तो तारेतून गार बाजूला पोचतो आणि तिथे फेरिसायनाइड तो घेते. द्रावण संपत नाही. नॅनोट्यूबच्या प्रचंड पृष्ठफळामुळे कार्यक्षमता आधीच्या थर्मोसेलच्या तिप्पट झाली.

पुढे भर इलेक्ट्रोडवरच राहिला. २०१६ मध्ये नॅनोट्यूबच्या एरोजेल पत्र्यांनी ५१ अंशांच्या फरकावर चौरस मीटरला ६.६ वॅट दिले. कार्यक्षमता ३.९५ टक्के सांगितली गेली, पण ती कार्नोच्या मर्यादेच्या, म्हणजे त्या दोन तापमानांत मिळू शकणाऱ्या कमाल कार्यक्षमतेच्या, तुलनेत. गार बाजू तीस अंशांवर धरली तर ही मर्यादाच जेमतेम १४ टक्के, म्हणजे हजार ज्यूल उष्णतेमागे सहा ज्यूलही वीज नाही. शिवाय त्या पत्र्यांवर प्लॅटिनमचे कण चढवावे लागले; इलेक्ट्रोडसाठी ज्या महागड्या धातूला नॅनोट्यूबचा पर्याय द्यायचा, तोच परत आला. खरी अडचण वेगळीच होती. दर अंशामागचा व्होल्टेज द्रावण ठरवते, आणि या द्रावणाचा तो १.४ मिलिव्होल्टच. २०२० मध्ये चिनी संशोधकांनी द्रावणात ग्वानिडिनियम घालून गार बाजूला स्फटिक बनवले, तेव्हा तो ३.७३ मिलिव्होल्ट झाला आणि कार्नो-सापेक्ष कार्यक्षमता ११.१ टक्क्यांवर गेली. कार्बनने प्रवाह वाढवला. मोठी झेप रसायनाने घेतली.

यावर कोणी म्हणेल, उष्णता फुकटच आहे, मग कार्यक्षमतेचा एवढा बाऊ कशाला? उष्णता फुकट असली तरी सेल फुकट नाही. ६.६ वॅटच्या दराने एक किलोवॅटला सुमारे दीडशे चौरस मीटर सेल लागतील, आणि त्यांची एक बाजू सतत गार ठेवावी लागेल. इलेक्ट्रोड स्वस्त होतील हा युक्तिवाद खरा, पण क्षेत्रफळ आणि शीतकरण यांचा खर्च त्याने सुटत नाही. म्हणून गरम नळावर बसून तापमान टिपणाऱ्या, मिलिवॅटवर चालणाऱ्या सेन्सरसाठी थर्मोसेल योग्य आहे. वीजकेंद्राला पर्याय म्हणून त्याच्याकडे आज पाहू नये.