आवाज आत की बाहेर?

दिवाळीच्या सेलमध्ये हौसेने घेतलेला साउंडबार टीव्हीखाली बसतो, केबल लागते, सिनेमा सुरू होतो. आवाज मात्र टीव्हीच्याच स्पीकरमधून. अशा वेळी दोष बहुधा साउंडबारचा नसतो. केबल चुकीच्या पोर्टमध्ये गेलेली असते.

टीव्हीमागचे एचडीएमआय पोर्ट दिसायला सारखेच. सेट-टॉप बॉक्स, गेमिंग कन्सोल, लॅपटॉप यांचं चित्र आणि आवाज टीव्हीत घेणं हे त्यांचं मूळ काम. साउंडबारला हवं असतं नेमकं उलटं. स्मार्ट टीव्हीच्या अॅपवर लागलेला सिनेमा टीव्हीतच चालतो, त्यामुळे त्याचा आवाज टीव्हीतून बाहेर पडायला हवा. त्यासाठीची परतीची वाट, ऑडिओ रिटर्न चॅनल अर्थात एआरसी, २००९ साली एचडीएमआय १.४ सोबत आली. बहुतेक टीव्हींत ती एकाच पोर्टला असते आणि त्याच्याजवळ 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' असं छापलेलं असतं. केबलचं एक टोक तिथे, दुसरं साउंडबारच्या तशाच खुणेच्या पोर्टमध्ये.

एवढं करूनही साउंडबार गप्प राहिला, तर सेटिंग्ज उघडावीत. साउंड आउटपुटमध्ये टीव्ही स्पीकरऐवजी एआरसी निवडायचं आणि सीईसी चालू करायचं. सीईसीमुळे टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो. गोंधळ नावांचा आहे: सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक, तर सोनी ब्राव्हिया सिंक.

एआरसी नसलेल्या जुन्या टीव्हीला ऑप्टिकल केबल तारते. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेल्या या केबलमधून आवाज प्रकाशाच्या रूपात जातो, म्हणून विजेची घरघर तिच्यातून शिरत नाही. डॉल्बी डिजिटल ५.१ ती नेते. डॉल्बी अॅटमॉस तिच्या आवाक्याबाहेर. ब्लूटूथमध्ये वायरची कटकट नाही, पण कधी कधी ओठ आधी हलतात आणि संवाद मागून ऐकू येतो.

लग्नाची डीव्हीडी पाहायला माळ्यावरचा डीव्हीडी प्लेअर खाली काढला, तर वेगळीच गंमत होते. त्याच्या पिवळ्या पिनेतून चित्र जातं, पांढरीतून डावा आवाज, लालमधून उजवा. नव्या टीव्हीवर पिवळी पीन अनेकदा हिरव्या खोबणीत लावायची असते, कारण ती जागा एव्ही आणि कंपोनंट अशा दोन्ही जोडण्यांसाठी असते. सोर्समध्ये चुकून कंपोनंट निवडलं की टीव्ही त्या सिग्नलला फक्त उजेड-अंधाराची माहिती समजतो आणि रंगीत लग्न कृष्णधवल दिसू लागतं. सोर्स बदलून एव्ही केला की शालूचा रंग परत येतो.

दुकानात सोन्याचा मुलामा दिलेली महागडी एचडीएमआय केबल पुढे केली जाते. तिने रंग खुलत नाहीत. डिजिटल सिग्नल नीट पोहोचला तर चित्र जसंच्या तसं उमटतं. नाही तर ठिपके चमकतात किंवा पडदा मधेच काळा होतो. फरक पडतो तो क्षमतेचा. साध्या सेट-टॉप बॉक्सला घरातली जुनी केबल पुरते. फोर-केमध्ये सेकंदाला ६० चित्रांसाठी १८ गिगाबिटची 'प्रीमियम हाय स्पीड' घ्यावी. फोर-केमध्येच १२० चित्रं दाखवणाऱ्या कन्सोलसाठी ४८ गिगाबिटची 'अल्ट्रा हाय स्पीड' लागते. तिच्या खोक्यावरचं लेबल मोबाइलने स्कॅन करून केबल प्रमाणित आहे का, हे पैसे देण्याआधीच पाहता येतं.